हॅटी मॅकडॅनिएल : मोलकरणीची भूमिका आणि स्वतःचे घर

अमेरिकेच्या चित्रपटसृष्टीत सर्वोच्च मानला जाणारा ऑस्कर पुरस्कार मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत म्हणून हॅटी मॅकडॅनिएल यांची इतिहासात नोंद आहे. हा पुरस्कार त्यांना एका मोलकरणीच्या भूमिकेसाठी मिळाला. त्यांचा जो गौरव झाला आणि त्यांच्यावर जी टीका झाली, त्या दोहोंचे मूळ या एकाच घटनेत आहे. त्यामुळे त्यांचे चरित्र समजून घेताना पडद्यावरील भूमिकेबरोबरच पडद्याबाहेरचे जीवनही पाहिले पाहिजे.

हॅटी यांचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा या गावी झाला. १३ भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडील हेन्री आणि आई सुझन हे दोघेही जन्माने गुलाम होते. यादवी युद्धात हेन्री यांनी उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीय पलटणीत राहून लढाई केली. युद्धातील दुखापतींनी त्यांचे शरीर कायमचे अधू झाले. तरीही जखमी सैनिकाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना वर्षानुवर्षे सरकारदरबारी अर्ज करावे लागले. आई लोकांच्या घरी राबत असे आणि भक्तिगीते गात असे. कुटुंब पुढे कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी स्थायिक झाले. घरात दारिद्र्य होते, परंतु गाणे होते. १९१० साली, शाळेत शिकत असतानाच, दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या एका महिला संघटनेच्या स्पर्धेत नाट्यमय काव्यवाचनासाठी हॅटी यांना सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर त्यांनी रंगभूमीचा मार्ग धरला.

त्या काळी अमेरिकेत मिन्स्ट्रेल नावाचा नाट्यप्रकार लोकप्रिय होता. गोरे नट तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत आणि प्रेक्षक हसत. हॅटी यांच्या भावाने, ओटिस यांनी, कृष्णवर्णीय कलावंतांचीच मंडळी उभारली होती. तिच्यासाठी हॅटी गाणी रचू लागल्या. १९१४ साली बहीण एटा यांच्यासह त्यांनी केवळ स्त्रियांची मंडळी काढली. धन्याच्या घरासाठी स्वतःला विसरणारी, गोऱ्या मुलांना जीव लावणारी लठ्ठ काळी दाई, म्हणजे ‘मॅमी’, हा गोऱ्या समाजाने रंगविलेला ठरावीक साचा होता. आपल्या समाजाच्या प्रेक्षकांपुढे हॅटी त्या साच्याचीच टर उडवीत. पुढे नियतीने त्यांना याच साच्यात उभे केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९२०च्या दशकात जॉर्ज मॉरिसन यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्या गावोगावी हिंडल्या आणि डेन्व्हरच्या नभोवाणीवरूनही गायिल्या. १९२६ ते १९२९ या काळात त्यांची ब्लूज गीते ध्वनिमुद्रित झाली. त्यांतली अनेक त्यांनी स्वतः लिहिली होती. परंतु १९२९च्या आर्थिक मंदीने नाटक मंडळ्या बंद पडल्या. मिलवॉकी शहराजवळील एका क्लबमध्ये त्यांनी प्रसाधनगृहातील परिचारिकेचे काम पत्करले. आत मंचावर गोरे गायक गात असत आणि ही गायिका बाहेर पाहुण्यांना हातपुसणी देत उभी असे. एके दिवशी त्यांना गाण्याची संधी मिळाली आणि तेव्हापासून त्या तेथील नियमित गायिका झाल्या.

१९३१ साली त्या लॉस एंजेलिसला आल्या. भाऊ सॅम यांच्या ओळखीने नभोवाणीवर काम मिळाले, पण त्या मिळकतीत पोट भरेना. म्हणून त्या लोकांच्या घरी धुणीभांडी करीत आणि उरलेल्या वेळात स्टुडिओचे दरवाजे ठोठावीत. प्रत्यक्षात मोलकरीण आणि पडद्यावरही मोलकरीण, असा तो काळ होता. त्यांनी सुमारे ३०० चित्रपटांत काम केल्याचे सांगितले जाते, परंतु श्रेयनामावलीत त्यांचे नाव जेमतेम ८० चित्रपटांत आले. तरीही ‘जज प्रीस्ट’ (१९३४) मध्ये त्यांचे गाणे प्रेक्षकांच्या मनात राहिले. ‘ॲलिस ॲडम्स’ (१९३५) मध्ये प्रतिष्ठेचा आव आणणाऱ्या गोऱ्या कुटुंबाच्या मेजवानीत त्यांनी रंगविलेली बेफिकीर वाढपी सर्वांच्या लक्षात राहिली. ‘शो बोट’ (१९३६) मध्ये त्या पॉल रोबसन यांच्यासारख्या थोर गायकनटासमवेत उभ्या राहिल्या.

१९३९ साली ‘गॉन विथ द विंड’ प्रदर्शित झाला. गुलामगिरीच्या काळातील दक्षिणेचे हळवे गुणगान करणाऱ्या या कथेवर कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी आधीच हरकत घेतली होती. त्यांच्या दबावामुळे कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा अत्यंत अपमानास्पद शब्द संवादांतून वगळण्यात आला. हॅटी यांच्या वाट्याला आलेल्या पात्राला नावही नव्हते. ती केवळ ‘मॅमी’ होती. परंतु हॅटी यांनी तिला नजर दिली, धार दिली आणि मालकिणीला तोंडावर खडसावण्याची हिंमत दिली. जिन्यावरून चढता चढता घरातल्या दुःखाची हकिकत सांगणारा त्यांचा प्रवेश आजही अभिनयाचा उत्तम नमुना मानला जातो.

१५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा येथे चित्रपटाचा पहिला खेळ थाटामाटात झाला. मात्र जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे लागू असल्यामुळे हॅटी यांना तेथे उपस्थित राहता आले नाही. दक्षिणेसाठी छापलेल्या स्मरणपत्रिकेतून त्यांचे छायाचित्रही काढून टाकण्यात आले. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात ऑस्कर समारंभ झाला. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी खास रदबदली केल्यावर हॅटी यांना आत घेण्यात आले. तेथेही सहकलावंतांच्या मेजावर त्यांना जागा मिळाली नाही. भिंतीलगतच्या लहान मेजावर त्यांना बसविण्यात आले. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री म्हणून त्यांच्या नावाची घोषणा झाली, तेव्हा त्याच मेजावरून उठून त्या मंचाकडे गेल्या. आपण आपल्या समाजाला भूषणावह ठरावे, अशी इच्छा त्यांनी त्या छोट्याशा भाषणात व्यक्त केली.

पुरस्कारानंतर वेगळ्या भूमिका मिळतील ही आशा फोल ठरली. पुन्हा तेच एप्रन आणि तोच डोक्याचा रुमाल. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी १९४२ पासून स्टुडिओ मालकांकडे अशा भूमिका थांबविण्याची मागणी लावून धरली. या टीकेचा रोख हॅटी यांच्यावरही होता. टीकेत तथ्य होते, कारण पडद्यावरची हसरी दाई पाहून गोऱ्या प्रेक्षकांना गुलामगिरी सुसह्य वाटत असे. परंतु हॅटी यांचे म्हणणेही खोटे नव्हते. भूमिका नाकारून त्यांना पुन्हा खरीखुरी मोलकरीण व्हावे लागले असते आणि तेथे मजुरी नाममात्र होती. अन्यायाच्या व्यवस्थेत राहून मिळेल ते काम करावे की त्यावर पाणी सोडावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याचे निर्दोष उत्तर कोणाकडेच नव्हते.

या वादात सहसा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे त्यांचे घर. अभिनयाच्या कमाईतून हॅटी यांनी लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स हाइट्स या सुखवस्तू वस्तीत प्रशस्त घर विकत घेतले. तेथील जुन्या करारपत्रांत गोऱ्यांखेरीज इतरांना घर विकू नये, अशी अट होती. काही गोऱ्या घरमालकांनी न्यायालयात धाव घेऊन हॅटी आणि त्यांच्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना हुसकावून लावण्याची मागणी केली. हॅटी यांनी शेजाऱ्यांना आपल्या घरी एकत्र बोलावून बैठका घेतल्या आणि लढा संघटित केला. लॉरेन मिलर या कृष्णवर्णीय वकिलांनी बाजू मांडली. डिसेंबर १९४५ मध्ये सुनावणीला सुमारे २५० समर्थक हजर होते. न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी वस्तीची पाहणी केली आणि दुसऱ्याच दिवशी, घटनेच्या १४व्या दुरुस्तीने दिलेल्या समान हक्कांचा आधार घेऊन, खटला फेटाळला. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर अशा अटींची अंमलबजावणी बंद केली. त्या वेळच्या प्रकरणांतही मिलर वकील होते. पडद्यावर दुसऱ्याच्या घराची चाकरी करणाऱ्या या स्त्रीने प्रत्यक्षात स्वतःच्या घराचा हक्क न्यायालयात राखला आणि तो हजारो कुटुंबांच्या हक्काच्या लढ्याचा भाग झाला.

दुसऱ्या महायुद्धात वेगळ्या ठेवलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी त्यांनी कलावंतांचे पथक उभारून छावण्यांतून कार्यक्रम केले. १९४७ साली ‘ब्यूला’ या नभोवाणी मालिकेची मुख्य भूमिका त्यांच्याकडे आली. त्यापूर्वी त्या कृष्णवर्णीय मोलकरणीचा आवाज गोरे पुरुष काढीत असत. हॅटी यांनी विडंबनाची अडखळती बोली बोलण्यास नकार देऊन ती भूमिका साकारली. खासगी जीवनात मात्र सुख कमी होते. दोन पती अकाली वारले, नंतरचे दोन विवाह मोडले आणि अपत्य नव्हते. १९५१ साली ‘ब्यूला’ दूरचित्रवाणीवर करताना प्रकृती ढासळली. पुढे स्तनाचा कर्करोग जडला आणि २६ ऑक्टोबर १९५२ रोजी वयाच्या ५९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हॉलिवूडच्या दफनभूमीत चिरविश्रांती मिळावी, ही त्यांची अखेरची इच्छा होती. ती दफनभूमी केवळ गोऱ्यांसाठी असल्याने नकार मिळाला. अखेर सर्व वंशांच्या लोकांना जागा देणाऱ्या रोझडेल दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला. १९९९ साली हॉलिवूडच्या त्याच दफनभूमीत त्यांचे स्मारक उभारले गेले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाला दिलेला ऑस्कर पुढे गहाळ झाला आणि २०२३ साली त्याची प्रतिकृती विद्यापीठाला समारंभपूर्वक देण्यात आली. त्यांच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला, हूपी गोल्डबर्ग यांना, अभिनयाचा ऑस्कर मिळण्यास १९९१ साल उजाडले.

भिंतीलगतच्या त्या मेजावरून मंचापर्यंतचे अंतर फार नव्हते, पण त्यांच्या मागून येणाऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ते कापायला ५१ वर्षे लागली. हॅटी मॅकडॅनिएल यांनी साकारलेल्या भूमिका दुसऱ्यांनी लिहिल्या होत्या. न्यायालयातला लढा मात्र त्यांचा स्वतःचा होता. त्यांच्या स्मृतीला अभिवादन करताना हा लढा आधी आठवावा आणि पुरस्कार त्यानंतर.