औंढ्याचं पांढरं शिखर आणि अहिल्याबाई
हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ मंदिर नीट पाहिलंय का? खालची बाजू काळ्या दगडाची, कोरीव, यादवकाळातली. वरचं शिखर मात्र पांढरं, नंतरचं. या जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिलं जातं.

१७२५ मध्ये चौंडीत त्यांचा जन्म झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, तर पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. घर असं रिकामं झाल्यावर त्यांनी राज्य हाती घेतलं. १७९५ मध्ये निधन होईपर्यंत महेश्वरहून कारभार करताना काशी, वेरूळपर्यंतची मोडकी देवळं उभी केली.

औंढ्यात जुनं कोरीवकाम न पाडता वर नवं चढवलं गेलं. म्हणूनच तिथे एकाच देवळात दोन काळ दिसतात.