साखरेवर बोट ठेवलं आणि जॉन यडकिन एकटे पडले

आज कुठलंही रील उघडा, साखर बंद करा असं सांगणारा एक तरी भेटतोच. पण १९७२ मध्ये हेच पुस्तक लिहून सांगणाऱ्या माणसाला ते चांगलंच महागात पडलं होतं. त्यांचं नाव जॉन यडकिन.

१९१० मध्ये लंडनमध्ये जन्म. घरचे रशियातल्या ज्यूविरोधी दंगलींमुळे इंग्लंडला आलेले. वडील लवकर गेले, आईने पाच मुलगे गरिबीत वाढवले. जॉन स्कॉलरशिपच्या जोरावर केंब्रिजला पोहोचले.

दुसऱ्या महायुद्धात ते सिएरा लिओनमध्ये लष्करी डॉक्टर होते. तिथल्या आफ्रिकी सैनिकांना त्वचेचा एक आजार व्हायचा. सगळ्यांना वाटायचं, संसर्ग आहे. यडकिन यांनी दाखवून दिलं, की रेशनमध्ये रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्व कमी पडतंय. दोष जंतूंचा नव्हता, ताटाचा होता.

पुढे ते लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात पोषणशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा पाश्चात्त्य देशांत हृदयविकार वाढत होता. अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी बोट ठेवलं चरबीवर. यडकिन यांनी १९५७ मध्ये वेगवेगळ्या देशांची आकडेवारी तपासली, तर त्यांना साखरेवर जास्त संशय आला. गंमत म्हणजे, ब्रिटनमधल्या हृदयविकाराशी सगळ्यात चांगला मेळ बसत होता तो रेडिओ-टीव्ही संचांच्या संख्येचा! म्हणजे नुसती आकडेवारी जुळली म्हणून कारण सापडलं असं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी प्रयोग केले. प्राण्यांना आणि माणसांना साखर जास्त दिली की रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढताना दिसले. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोजचा. तो मुख्यतः यकृतात जातो आणि जास्त झाला की तिथे त्याची चरबी बनते.

'प्युअर, व्हाइट अँड डेडली' आलं आणि साखर उद्योग भडकला. कीज यांनी तर त्यांचे पुरावे जाहीरपणे धुडकावले. निवृत्तीनंतर कॉलेजात काम करू देण्याचा शब्दही फिरवला गेला. वकिलाच्या पत्रानंतर कुठे एक छोटी खोली मिळाली. पुस्तक हळूहळू बाजारातून गायब झालं.

यडकिन यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. संतृप्त चरबीला त्यांनी जरा जास्तच सूट दिली. हृदयविकार एकट्या साखरेमुळे होतो, हेही सिद्ध झालेलं नाही.

१९९५ मध्ये ते गेले. २००९ मध्ये रॉबर्ट लस्टिग या अमेरिकन डॉक्टरांचं साखरेवरचं भाषण यूट्यूबवर गाजलं, आणि २०१२ मध्ये पुस्तक पुन्हा छापलं गेलं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा घातली: वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे साधारण १२ चमचे. जमलं तर निम्मीच.

पुढच्याच वर्षी जुनी कागदपत्रं बाहेर आली. १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी साखरेचा दोष कमी दाखवून चरबीला जबाबदार धरणारा आढावा छापला होता. त्याचे पैसे साखर उद्योगाने दिले होते, आणि लेखात त्याचा उल्लेखच नव्हता.