मायको पंपामागचा माणूस : रॉबर्ट बॉश

ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाला आपल्याकडे अजूनही बरेच जण मायको पंपच म्हणतात. त्या पंपामागे ज्यांची विद्या आहे, त्या रॉबर्ट बॉश यांची २३ सप्टेंबरला जयंती असते. पुढे रब्बीची मशागत येते, आणि गव्हर्नरचं सील तोडायची घाईही तेव्हाच होते. म्हणून ही ओळख.

बॉश यांचा जन्म १८६१ साली जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. घरी शेती आणि वाटसरूंसाठी खानावळ होती. त्यांनी बारीक यंत्रकामाची उमेदवारी केली, अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात काम केलं. १५ नोव्हेंबर १८८६ला श्टुटगार्ट शहरात स्वतःचं वर्कशॉप काढलं. सोबत एक कारागीर आणि एक पोऱ्या, बस्स. सुरुवातीची वर्षं ओढाताणीत गेली. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोनं त्यांना हात दिला. १९०६ साली त्यांनी कामगारांना आठ तासांची पाळी दिली. पुढे बव्हेरियात शेती केली, गुरंही पाळली.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ पासून चालू होतं. पण त्यात तेल फवारायला दाबाची हवा लागायची, त्यासाठी जड कॉम्प्रेसर. त्यामुळे गाडीवर ते बसवणं अवघड होतं. १९२२च्या अखेरीस बॉश यांनी डिझेल पंप बनवायचं ठरवलं आणि १९२७ मध्ये पंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागले. त्यातल्या दांड्यात आणि नळीत मोकळीक किती? एका मिलीमीटरचे हजार भाग केले, तर त्यातले दोन-तीन. आपला माल तपासताना कुणी खोट काढली तर ते बॉश यांना सहन व्हायचं नाही.

१२ मार्च १९४२ला ते गेले. १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी सुरू झाली, नंतर आपल्या नाशिकलाही कारखाना आला.

आता मुद्द्याचं. पंपाच्या मागच्या बाजूला गव्हर्नर असतो. त्यात फिरणारी वजनं असतात. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फाकतात आणि रॅक मागे ओढून डिझेल कमी करतात. नांगर जड लागून फेरे पडले की वजनं आत येतात, स्प्रिंग रॅक ढकलते, डिझेल वाढतं. आपण रेस ओढतो तेव्हा त्या स्प्रिंगचाच ताण वाढतो.

ट्रॅक्टर ओढत नाही म्हणून मीही एकदा सील तोडून स्क्रू फिरवून घेतला होता. दोन दिवस जोर वाटला. मग काळा धूर, आणि डिझेलचा खर्च वाढला. शेवटी दोष निघाला चोंदलेल्या एअर फिल्टरचा!

तर आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि नॉझल बघा. तरी ओढत नसेल तर पंप टेस्ट बेंचवर न्या. आयडलिंग मिस्त्री जागेवर लावून देईल. पण जास्तीत जास्त फेऱ्यांचा आणि डिझेलचा सीलबंद स्क्रू अंदाजानं फिरवू नका. फेरे हाताबाहेर गेले तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटतो. मग ऐन पेरणीत ट्रॅक्टर गॅरेजला आणि आपण बांधावर.

हजारावा भाग मोजून बसवलेली वस्तू आहे ती. पाना लावायच्या आधी तेवढं आठवा.