साष्टीचे पुराणकार पाद्री थॉमस स्टीफन्स

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती म्हटले म्हणजे सर्व एकाच मंडळीचे नव्हेत. प्रॉटेस्टंट बंधूंचे युनियन बिब्लिकल सेमिनरी हे मोठे विद्यालय १९५३ पासून १९८३ पर्यंत यवतमाळ शहरात होते; पुढे ते पुण्यास गेले. कॅथलिकांच्या दृष्टीने हा मुलूख १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. दोन्ही घरची माणसे एकाच बाजारात भेटतात, एकमेकांच्या लग्नास व मयतीस जातात, आणि कधी ना कधी प्रश्न निघतोच की, तुम्ही कॅथलिक लोक नवस, नोव्हेना, उपास आणि मेणबत्त्या यांच्या बळावर स्वर्ग मिळवू पाहता काय? तारण तर केवळ ख्रिस्ताच्या कृपेने होते! प्रश्न रास्त आहे. आमच्यापैकी काहींचे वर्तन पाहिले असता तो विचारणारास दोषही देता येत नाही. परंतु त्याचे उत्तर चारशे वर्षांपूर्वी एका कॅथलिक पाद्र्याने खुद्द मराठी ओवीत देऊन ठेविले आहे. महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्या पुरुषाचे चरित्र द्यावे, असे आम्हांस वाटले ते याच कारणाने.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर प्रांतात बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १५४७ च्या जानेवारीत, ट्रेंट येथील धर्मसभेने तारणाविषयीचा आपला निर्णय प्रसिद्ध केला होता. मनुष्य नीतिमान ठरण्यापूर्वी त्याचा विश्वास असो वा त्याची कृत्ये असोत, त्यांपैकी कशानेही ती कृपा कमावली जात नाही. ती ख्रिस्ताच्या पुण्याईने फुकट मिळते, हे त्या निर्णयात स्पष्ट आहे. सत्कृत्ये ही त्या कृपेची फळे होत. ती तिची किंमत नव्हेत. आमच्या पुष्कळ कॅथलिक बंधूंना हे ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट होय.

याच वादाने तेव्हा युरोप दुभंगला होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना उघडपणे मिस्सा ऐकण्याची सोय उरली नव्हती. तरुण स्टीफन्स हे थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाचे सोबती झाले. चाकराचा वेष घेऊन ते त्यांच्याबरोबर हिंडत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत केला होता. पण पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच निसटले व १५७५ साली रोम येथे येशूसंघात दाखल झाले. मित्राला ते विसरले नाहीत. पाउंड यांना तुरुंगात असतानाच संघात घ्यावे म्हणून त्यांनी रोममध्ये रदबदली केली आणि ती मान्यही झाली.

१५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस त्यांनी लिस्बन सोडले आणि ऑक्टोबरच्या २४ तारखेस ते गोव्यास उतरले. या कष्टमय प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्रातून कळविले. ते पुढे इंग्लंडात छापले गेले. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचेच नाव बहुधा घेतले जाते. यानंतरची चाळीस वर्षे त्यांनी गोमंतकात, मुख्यत्वे साष्टी प्रांतात काढली. मायदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

१५८३ चे साल मात्र आम्हांस विस्ताराने सांगितले पाहिजे. साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ साली पाडली होती. लोकांच्या मनात तो सल होता. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे जमावाने पाच येशूसंघीयांना व त्यांच्याबरोबरच्या काही लोकांना ठार केले. अकबराच्या दरबारी राहून नुकतेच परतलेले फादर रुडॉल्फ अक्वाविवा त्यांत होते. त्यांचे मृतदेह आणून त्यांना मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्यास आले. त्या पाच जणांना ख्रिस्तसभेने १८९३ साली धन्य म्हणून घोषित केले, आणि त्यांची स्मृती आम्हांस पूज्य आहे. परंतु ज्या हातांनी देवळे पाडली आणि पुढे कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलाचालीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारिले, ते हातही बाप्तिस्मा घेतलेलेच होते, हे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. कृपा ही देणगी आहे. ती धाकाने घ्यावयास लावता येत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस काही इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्यात कैद झाले. एलिझाबेथ राणीची ती प्रजा. तिच्याच तुरुंगात स्टीफन्स यांचा जिवलग मित्र खितपत पडला होता. तरी त्यांना जामिनावर सोडविण्याच्या खटपटीत स्टीफन्स पुढे होते. त्या व्यापाऱ्यांपैकी राल्फ फिच याने इंग्लंडास परतल्यावर आपला वृत्तांत लिहिला.

आता त्यांच्या ग्रंथाविषयी. ते साष्टीत धर्मशिक्षण देत असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांना म्हटले की, प्रार्थना व आज्ञा शिकविल्या हे ठीक. पण जुनी पुराणे सोडल्यावर वाचावयास व ऐकावयास आम्हांस काय उरले? असा प्रसंग ग्रंथातच आहे. या मागणीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण निर्माण झाले व १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे नसल्यामुळे मराठी मजकूर रोमन लिपीत छापावा लागला. एकनाथ महाराजांना समाधिस्थ होऊन तेव्हा पुरती वीस वर्षेही लोटली नव्हती. त्यांच्या काळची ओवी एका परदेशी माणसाने अशी आत्मसात केली की, मराठी साहित्याच्या इतिहासकारांना तिची दखल घ्यावीच लागली.

ग्रंथाच्या रचनेतच त्याचा सिद्धांत आहे. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर म्हणजे अध्याय, आणि त्यांत सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, कुलपती, राजे व संदेष्टे. थोर थोर माणसे येतात, यज्ञ होतात, नियमशास्त्र मिळते. पण एकालाही आपल्या बळावर वैकुंठाचे दार उघडता येत नाही. (स्वर्गास त्यांनी वैकुंठच म्हटले आहे, लोकांना कळणारा शब्द वापरण्यास ते कचरले नाहीत.) सर्वजण वाट पाहतात. मग दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वर एकट्या ख्रिस्ताचे: जन्म, उपदेश, क्रूस, पुनरुत्थान. कर्माचा हिशेब पिढ्यान्पिढ्या ऐकत आलेल्या श्रोत्यांपुढे, कर्ज एकानेच फेडले आहे, ही कथा त्यांनी मांडिली. येथे पवित्र मरियेचा गौरव भरपूर आहे, उपासतापासही आहेत. परंतु तारणारा एकच. प्रॉटेस्टंट बंधूंशी बोलताना आम्ही एवढेच दाखवावे, वाद वाढवू नये. १९९९ साली लूथरपंथीय व कॅथलिक या दोहोंनी ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, कृपेनेच तारण होते, हे एकत्र कबूलही केले आहे.

स्टीफन्स यांचे देहावसान १६१९ साली गोमंतकातच झाले. त्यांची ख्रिस्ती धर्मशिक्षणाची कोकणी पुस्तिका १६२२ साली व कोकणीचे व्याकरण १६४० साली, म्हणजे त्यांच्या पश्चात, छापून निघाले. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला. छापील प्रती नाहीशा झाल्या, पण मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी हस्तलिखिते जपली व उपवासकाळात ती ते गात राहिले. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापिला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो पुण्यास देवनागरीत आणिला.