गाडी थंड होईस्तोवर

वालचंद हिराचंद यांचं चरित्र मी पुस्तकातून वाचलं ते फार उशिरा. त्याआधी ते मी ऐकलं होतं, तुकड्यातुकड्यांनी, हिंगोली ते औंढा नागनाथ रस्त्याच्या कडेला, बोनेट उघडून ठेवलेल्या गाडीपाशी उभं राहून. सांगणारे आमचे अण्णा. ते हिंगोलीच्या कोर्टात वकिली करत. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. त्यामुळे जिल्हा न्यायालयातलं काम निघालं की परभणी गाठावी लागे, आणि अण्णा ती औंढ्यावरून गाठत. १९९१ साली त्यांनी जुनी प्रीमिअर पद्मिनी विकत घेतली. सुट्टीच्या दिवशी मागच्या सीटवर आम्ही भावंडं असायचोच.

एप्रिल-मे महिन्यात औंढ्याच्या अलीकडचा चढ लागला की गाडी तापायची. डॅशबोर्डवरचा काटा उजवीकडे सरकू लागला की अण्णा लिंबाची सावली बघून गाडी उभी करत. मग अर्धा तास काही करायचं नाही. रेडिएटरच्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. कारण साधं आहे, प्रत्येक स्वयंपाकघरात ते रोज शिट्टी देतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, आणखी वर जाऊन उकळतं. रेडिएटरचं झाकणही तसाच दाब धरून ठेवतं, म्हणून इंजिनातलं पाणी शंभराच्या पुढे गेलं तरी पाणीच राहतं. झाकण काढलं की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर येतं. तेव्हा थांबायचं. आणि थांबल्यावर मुलं कुरकुरू लागली की अण्णा वालचंदांची गोष्ट काढायचे. त्यांचं वकिलीचं शिक्षण सोलापुरात झालेलं, आणि सोलापूरच्या माणसाला वालचंद म्हणजे घरचे.

तर, जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, दिगंबर जैन, सोलापुरात येऊन सावकारी आणि कापसाचा व्यापार करून स्थिरावलेलं. वडील हिराचंद नेमचंद. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झालं. घरच्या पेढीवर बसून व्याज मोजणं या मुलाला मानवेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागी केली आणि ठेकेदारीत उडी घेतली. पहिलं काम बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचं. एका बाजूला अनुभवी पण भांडवल नसलेले फाटक, दुसऱ्या बाजूला भांडवल उभं करू शकणारा विशी ओलांडलेला तरुण. पुढे हीच वाट बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत गेली आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

इथवर आलं की अण्णा बोनेटखाली हात घालत. आधी फॅनबेल्ट. बोटाने दाबला की साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून ढिला असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही आळसावतात. मग रेडिएटरच्या जाळीचा समोरचा भाग. आमच्याकडे कापसाचे दिवस असले की हवेतली पुंजकी तिथे येऊन चिकटतात, वर धूळ बसते आणि जाळीतून वाराच जात नाही. त्यानंतर वरचा आणि खालचा रबरी पाइप. हात दुरून धरूनच कळतं. वरचा भाजतोय आणि खालचा अगदी गार आहे, तर पाणी फिरत नाहीये. म्हणजे थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर रेडिएटर आतून बुजलाय, नाहीतर पंपच गेलाय. पहिल्यांदा सोपं आणि फुकटचं तपासायचं, महागाच्या दुरुस्तीवर शेवटी जायचं, हा त्यांचा क्रम. वकील माणूस, साक्षीदार एकेक करूनच तपासणार.

गाडी अजून गरमच असे, मग जहाजाची गोष्ट. ती आम्हांला सगळ्यांत आवडायची. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे एक रुग्णनौका होती. मूळचं ते कॅनेडियन कंपनीचं मोठं प्रवासी जहाज. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते विकत घेतलं. नाव ‘लॉयल्टी’. ५ एप्रिल १९१९ ला हे भारतीय मालकीचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. याच तारखेला आपण आज राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. महाराजांचं आडनाव घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. समुद्र तोवर गोऱ्या कंपन्यांचा होता. त्यांनी भाडी इतकी पाडली की नव्या कंपनीचा श्वास कोंडावा. पण वालचंद हटले नाहीत, असं म्हणून अण्णा टाळी वाजवायचे. तोवर झाकणाला जुनं फडकं गुंडाळून ते हळूच पाव फेरा सोडायची वेळ झालेली असे.

अण्णांच्या गोष्टीत वालचंद नेहमी जिंकायचे. गं. दे. खानोलकरांनी लिहिलेलं चरित्र मी वाचलं आणि आणखी इकडचं-तिकडचं वाचत गेले, तेव्हा चित्र निराळं दिसलं. १९२३ मध्ये सिंदियाला ब्रिटिश कंपन्यांशी तह करावा लागला आणि स्वतःला किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरतं बांधून घ्यावं लागलं. ज्या ‘लॉयल्टी’ने सुरुवात झाली, ती त्याच वर्षी भंगारात गेली. हे अण्णांनी कधीच सांगितलं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. मुलांना सांगायचं काय आणि गाळायचं काय, हे प्रत्येक बाप ठरवतोच. मला मात्र हरलेले वालचंद अधिक जवळचे वाटतात. १९२९ मध्ये ते सिंदियाचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत राहिले. मधल्या काळात रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने झाले. (आमच्या पिढीला रावळगाव म्हणजे गोळ्या, हे सांगायला नकोच.)

आता गाडीकडे. मोटारीचा कारखाना काढायचा ध्यास त्यांनी घेतला तो १९३० च्या दशकात. सर विश्वेश्वरय्यांनीही तीच कल्पना उचलून धरली होती. वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी १९४० मध्ये करार झाला. मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची सहानुभूती होती, पण ते १९३९ च्या अखेरीलाच राजीनामा देऊन गेलेलं. उरलं दिल्लीचं सरकार. युद्ध सुरू होतं, लष्कराला वाहनं हवी होती, आणि तरीही हिंदुस्थानात मोटारी बनवणं हे युद्धकार्य आहे असं त्या सरकारला पटेना. परवानग्या अडल्या. गंमत अशी की त्याच अमेरिका दौऱ्यात परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमानधंद्यातल्या माणसाशी पडली, आणि मोटारीआधी विमानाचा कारखाना निघाला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट. तो १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. १९४१ च्या जूनमध्ये विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीच्या गोदीचा पाया घातला गेला. १४ मार्च १९४८ ला ‘जलउषा’ तिथे पाण्यात उतरली, नेहरूंच्या हस्ते. ती गोदीही १९५२ मध्ये सरकारकडे गेली.

मोटार कंपनी, प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, नोंदली गेली १९४४ मध्ये. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ मध्ये. पण त्या आणलेले भाग जोडून बनवलेल्या. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघात झाला. पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला ते वारले. फियाट ११०० कुर्ल्यात आली १९५४ मध्ये. तीच पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी झाली, लग्नाच्या वरातीपासून मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीपर्यंत सगळीकडे दिसली. ज्या गाडीमुळे घरोघरी त्यांचा कारखाना माहीत झाला, ती गाडी त्यांनी पाहिली नाही.

अण्णा २०१४ मध्ये गेले. गाडी अंगणात झाकून उभी राहिली. भावाचं म्हणणं, भंगारात देऊन टाकू. त्याचं चूक नव्हतं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची, शुल्क वाढलेलं, सुटे भाग शोधत हिंडायचं. मुंबईतही ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आईने मात्र हट्ट धरला की नागनाथाच्या दर्शनाला एकदा त्याच गाडीतून जायचं. मी बॅटरी बदलली, पेट्रोलची टाकी धुऊन घेतली, चार टायर घातले. पाइप बघितले नाहीत.

चढावर काटा उजवीकडे गेला. मी सावली शोधत होते, एवढ्यात तो झरझर खाली उतरला, अगदी थंडवर. मला हायसं वाटलं. आईलाही मी सांगितलं की झालं ठीक. तीनचार किलोमीटर तशीच नेली. मग जळकट वास आला, इंजिन ठकठकू लागलं, आणि चढावर गाडी बसली.

काटा खोटं बोलत नव्हता. त्याला माहिती देणारा सेन्सर इंजिनातल्या पाण्यात बुडालेला असतो आणि पाण्याचंच तापमान सांगतो. खालचा रबरी पाइप चिरून पाणी सगळं रस्त्यावर सांडलं, सेन्सर कोरडा पडला. मोजायला पाणीच नाही, तर काटा थंड दाखवणार. आधी वर गेलेला काटा चालत्या गाडीत एकाएकी खाली आला, तर तो चांगला शकुन नव्हे. तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. हे अण्णांना माहीत असणार. आम्हांला त्यांनी गोष्ट जहाजाची सांगितली.

गाडी ओढून हिंगोलीला आणली. आमच्या जुन्या मिस्त्रीचाचांनी आधी काट्याचीच उलटतपासणी केली. चावी चालू करून सेन्सरची तार काढली, काटा थंडवर पडला. तीच तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, काटा थेट उजव्या टोकाला. म्हणजे काटा आणि तार शाबूत. मग तेलाची पट्टी ओढली. तेल दुधाळ, चहासारखं. पाणी तेलात गेलं, म्हणजे हेड गॅस्केट फुटलं. या गाडीचं हेड अल्युमिनिअमचं, कोरडं तापलं की वाकतं. भावाने काही न बोलता भंगारवाल्याला फोन लावला. मी दोन दिवस मागून घेतले. हेड लेथवर नेऊन सपाट करता येईल इतकंच वाकलंय, की गेलंच, यावर सगळं होतं. आई त्या दोन दिवसांत जेवली थोडंच.

हेड वाचलं. त्यासोबत आतलं जे दिसलं त्याची मला लाज वाटली. बंबाच्या तळाशी साठतो तसा पांढरा खार पाण्याच्या सगळ्या वाटांवर चढलेला. वर्षानुवर्षं आम्ही बोअरचं जड पाणी ओतत आलो होतो. थर्मोस्टॅट तर जागेवरच नव्हता, कधीतरी कुणीतरी काढून टाकलेला. आपल्याकडे हा सर्रास उपाय आहे: गाडी तापते, थर्मोस्टॅट काढा. पण तो नसला की इंजिन सकाळी लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि मूळ दुखणं झाकलं जातं. नवा मिळवला तो आईने दुधाच्या पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याने टांगून पाहिला. पाणी उकळायच्या बरंच आधी त्याची झडप उघडली, गार झाल्यावर मिटली. ते पातेलं तिने पुन्हा दुधाला घेतलं नाही.

आता त्यात अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असतं. श्रावणात आम्ही औंढ्याला जाऊन आलो. काटा मध्याच्या थोडा अलीकडे होता. भाऊ मागे बसला होता, त्याच्या मुलीने विचारलं की गाडी थांबत का नाही, तिला जहाजाची गोष्ट ऐकायची होती. मी चालवता चालवता सांगितली, १९२३ चा तहही सांगितला. नोंदणीचे कागद भरून दिलेत. सकाळी गाडी काढण्याआधी खाली वाकून फरशी ओली आहे का ते पाहते.