गिरणीतल्या पोरांना आणि त्यांच्या घरांना आधार देणारे नारायण मेघाजी लोखंडे

रविवार आला की शाळा बंद, बँक बंद, तहसील कचेरीलाही कुलूप. ही सुट्टी सगळ्यांना माहीत आहे. पण ती कामगाराला मिळावी म्हणून झगडलेले नारायण मेघाजी लोखंडे अनेकांना माहीत नाहीत. गिरणीत राबणाऱ्या लहान पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या हक्कासाठीही हा माणूस लढला.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर, तालुका खेड. घरची गरिबी. शिक्षण जेमतेम झालं आणि नोकरी धरावी लागली. पुढे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. तिथे कामगारांचे हाल त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले.

त्या काळी रत्नागिरी, सातारा, पुणे भागातली माणसं पोटासाठी मुंबईला जात. गिरणी दिवस उगवला की सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास काम. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. घरात भागत नाही म्हणून पोरंही गिरणीत जात. सूत भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या लावायच्या, दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात.

१८८१ साली सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला. सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घ्यायचं नाही आणि सात ते बारा वयाच्या पोरांना दिवसाला नऊ तासच काम द्यायचं, असं ठरलं. म्हणजे सात वर्षांचं लेकरू कायद्यानेच नऊ तास राबणार! मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना तर मर्यादाच नव्हती.

लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हातात. काम करताना कामगार जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय.

या मागण्यांचा पोरांशी जवळचा संबंध आहे. पगार थकला की घर सावकाराच्या दारात जातं. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की पोराला कामाला जावं लागतं. बापाची मजुरी वेळेवर आली, तरच पोराचं ओझं हलकं होतं.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर लोखंडेंनाही घेतलं गेलं. १८९१ च्या कायद्याने पोरांच्या कामाचं किमान वय नऊ झालं आणि नऊ ते चौदा वयाला सात तासांची मर्यादा आली. हिंदी गिरण्यांची स्पर्धा नको म्हणून विलायतेतले गिरणीमालकही अशा कायद्याच्या मागे होते. पण मुंबईत कामगारांना एकत्र आणलं ते लोखंडेंनी.

पुढे मुंबईत प्लेग आला. लोखंडे रोग्यांच्या सेवेत उतरले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पन्नाशीही गाठली नव्हती.

आज चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे. पोर कुठे राबताना दिसलं तर १०९८ या नंबरवर फुकट फोन करता येतो. तरी ऊसतोडीचा हंगाम आला की उचल घेतलेल्या आईबापामागे पोरं फडात जातात आणि शाळेतला बाक रिकामा राहतो. कायदा पोराला कामावरून उठवतो, पण त्याला शाळेत टिकवायचं तर आईबापाच्या हातात पुरेशी आणि वेळेवर मजुरी पडावी लागते. लोखंडे यांची ती मागणी अजून जुनी झालेली नाही.