मेरुरज्जूचा चित्रकार

उत्तर स्पेनमधील पेतिल्या या लहानशा गावी १ मे १८५२ रोजी सांत्यागो रामॉन इ काहाल यांचा जन्म झाला. मुलाला चित्रकार व्हायचे होते. शल्यवैद्य असलेल्या वडिलांना ते मुळीच मान्य नव्हते. त्यांनी त्याला आधी न्हाव्याकडे, मग चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. पुढे वडिलांनीच शरीररचना शिकवायला घेतली, तेव्हा मुलगा हाडांची चित्रे काढू लागला आणि बाप-लेकांतील तेढ सैलावली. १८७३ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन काहाल लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबाला गेले आणि मलेरियाने खंगून परतले.

मेरुरज्जूचा आडवा छेद घेतला, तर मधोमध फुलपाखराच्या आकाराचे करडे द्रव्य दिसते. हे द्रव्य म्हणजे तंतूंचे एकच अखंड जाळे आहे, असे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत. चांदीच्या क्षारांनी मोजक्याच चेतापेशी काळ्या रंगवण्याची युक्ती शोधणारे इटलीचे कामील्लो गॉल्जीही याच मताचे होते. १८८७ मध्ये काहाल यांनी माद्रिदला ती युक्ती पाहिली आणि तिचाच ध्यास घेतला.

बार्सेलोनात त्यांनी कोंबडीच्या भ्रूणांचे मेरुरज्जू तपासले. कोवळ्या तंतूंवर अद्याप मेदाचे वेष्टन चढलेले नसल्याने त्यांचा मार्ग स्पष्ट दिसे. पुढच्या शृंगातील पेशींचे तंतू स्नायूंकडे जात. मागून आत शिरणारा संवेदनांचा तंतू दुभंगून वर आणि खाली जाई. त्याच्या उपशाखा करड्या द्रव्यातील पेशींना भिडत, पण त्यांत मिसळून जात नसत. म्हणजे जाळे नव्हतेच. प्रत्येक पेशी स्वतंत्र होती. जे दिसले, ते त्यांनी स्वतःच्या हाताने रेखाटले. १८८८ मध्ये पदरमोड करून नियतकालिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ६० होत्या.

परदेशी विद्वान दखल घेईनात, तेव्हा १८८९ मध्ये काचपट्ट्या घेऊन ते स्वखर्चाने बर्लिनला गेले. तेथे ज्येष्ठ शास्त्रज्ञ कोलिकर यांना त्यांचे म्हणणे पटले. १९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गॉल्जी यांना विभागून मिळाले. गॉल्जींनी मात्र त्या व्यासपीठावरूनही जाळ्याचाच कैवार घेतला.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहाल निवर्तले. १९५२ मध्ये स्वीडनचे ब्रोर रेक्सेड यांनी मांजराच्या मेरुरज्जूतील करड्या द्रव्याचे दहा विभाग पाडले.